लाकडापुरती परवानगी

ओकुमुरा-सानच्या घरात दोन लोखंडी कपाटं होती. एकात बंदूक, दुसऱ्यात काडतुसं. दोन्ही भिंतीला बोल्टनं ठोकलेली, दोन वेगळ्या खोल्यांत. त्यांच्या किल्ल्या तो कुठे ठेवायचा ते त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. तसा कायदाच आहे म्हणे. ती गेल्यावर तिच्या फोटोला सांगितलं असेल तर मला ठाऊक नाही, कारण फोटोशी तो सगळंच बोलायचा.

वयानं तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, अठ्ठ्याहत्तरचा. मी इथे त्याला अरेतुरे करतोय, त्यात अपमान नाही. तोंडावर मी नेहमी नावापुढे सान, म्हणजे आपल्याकडचं राव, लावूनच बोललो. पण मनात तो पहिल्या दिवसापासून आमच्या कारखान्यातल्या जुन्या मिस्त्रीसारखा बसला, आणि मिस्त्रीला आम्ही तूच म्हणायचो.

माझं थोडक्यात सांगतो. मी पुण्याचा, धंद्यानं लाकडाला पॉलिश करणारा. शाळा चौथीपर्यंत. टेबलं, देव्हारे, कपाटं, लग्नातले पलंग, जे समोर आलं त्याला चाळीस वर्षं पॉलिशचा हात मारला. शकू, म्हणजे माझी बायको, गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी मुलानं, सचिननं, मला इकडे जपानात, इचिकावाला आणलं. नात लहान होती म्हणून माझे व्हिसाचे कागद झाले. नात शाळेत जाते, मुलगा टोकियोला ऑफिसात जातो, सून दीपाली घरी बसून कॉम्प्युटरवर काम करते. मी खिडकीत बसायचो. चार महिने बसलो. कोणाशी बोलणार? शकूशी बोलायचो, मनातल्या मनात, कधी मोठ्यानंही. दीपाली ऐकायची.

एका सकाळी कपडे वाळत घालताना जवसाच्या तेलाचा वास आला. ज्या माणसानं उभं आयुष्य त्या वासात काढलं त्याला तो वास आला की बसवत नाही. चपला घालून खाली गेलो. शेजारच्या घरासमोर, गाडी लावायच्या जागेत, एक पांढऱ्या केसांचा म्हातारा बुटक्या स्टुलावर बसला होता. समोर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर अक्रोडाच्या लाकडाचा एक वाकडा तुकडा. मला वाटलं एखाद्या वाद्याचा मोडका भाग असेल. आणि हा गृहस्थ ब्रशनं त्यावर तेल असं लावत होता की डोशाच्या तव्यावर लावतायत. तेल खाली गळत होतं. वरचा थर चिकट झाला होता, त्यावर धूळ बसली होती. असं सुंदर अक्रोड आणि त्याची ही दशा.

मला राहवलं नाही. दोन घरांच्या मध्ये गुडघाभर भिंत आहे. ती ओलांडून गेलो आणि त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला.

या देशात कोणी कोणाच्या दारात न विचारता पाऊल टाकत नाही, हे मला नंतर दीपालीनं अर्धा तास समजावलं. पण त्या क्षणी ओकुमुरा-सान उठला आणि घरात गेला. मला वाटलं, गेला आता कोणाला तरी बोलवायला. तो आणखी एक स्टूल घेऊन बाहेर आला आणि माझ्यासमोर ठेवलं.

मी सगळं तेल पुसून काढलं. बारीक पॉलिशपेपर मागितला, हातानं खूण करून. मग तळहातावर एक थेंब घेतला. एकच. आणि तळहाताच्या मनगटाकडच्या बाजूनं चोळत राहिलो, लाकूड आणि हात दोन्ही तापेपर्यंत. मग थांबलो, त्याला दोन बोटं दाखवली आणि आकाशातल्या सूर्याकडे दोनदा बोट केलं. दोन दिवस हात लावायचा नाही. त्याला कळलं. लाकूडकामात भाषा फारशी लागत नाही.

तिसऱ्या दिवशी तो स्वतः चोळायला बसला, तर मोठ्यानं मोजत. इची, नी, सान करत शंभरपर्यंत. शंभर झाले की थांबायचा, लाकूड तापलेलं असो वा नसो. मी खुणेनं सांगायचो की मोजू नको, हाताला विचार. तो मान हलवायचा आणि पुन्हा मोजायचा. शेवटपर्यंत मोजलंच. मोजल्याशिवाय त्याला काही करता येत नसे. जिन्याच्या पायऱ्या मोजायचा, भाताचे चमचे मोजायचा.

मग तो फोन घेऊन बसू लागला. त्या फोनमध्ये एक बाई आहे, ती त्याचं बोलणं मराठीत सांगते आणि माझं जपानीत. फार शुद्ध बोलते बाई. "आपण या काष्ठास पुढील लेप कधी द्यावा असे सुचवता?" असं तिनं मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी इकडे तिकडे बघितलं, की कोणाला विचारतायत. मी म्हटलं, "परवा." त्या एका शब्दाचं तिनं एवढं लांबलचक जपानी केलं की मला शंका आली, ही आपल्या पदरचं काही घालते.

तो तुकडा बंदुकीचा दस्ता आहे हे मला तेव्हा कळलं, फोनवरून. आधी सांगितलं नाही म्हणून त्यानं तीनदा माफी मागितली. दुसऱ्या दिवशी बघतो तर टाय लावून निघालेला. पोलिसांकडे गेला होता, विचारायला. शेजारच्या परदेशी माणसानं बंदुकीच्या दस्त्याला तेल लावलं तर चालेल का? आपल्याकडे कोणी असा प्रश्न घेऊन पोलीस ठाण्यात गेला तर त्याला हसून बाहेर काढतील, नाहीतर आत बसवतील. इथे त्यांनी दोन दिवस विचार केला. मग सांगितलं की दस्ता बंदुकीपासून सुटा केलेला असेल आणि मालक समोर बसलेला असेल तर हरकत नाही. लोखंडाला मात्र हात लावायचा नाही. ओकुमुरा-सान परत आला तो हसतच. फोनमधली बाई म्हणाली, "आपणास लाकडापुरती परवानगी प्राप्त झाली आहे."

तेव्हापासून तेच आमचं नमस्कारासारखं झालं. मी सकाळी भिंतीपाशी उभा राहून म्हणायचो, "लाकूड?" तो म्हणायचा, "लाकूड." हा एक मराठी शब्द त्याला आला. लोखंडाचं काम तो आत, दार लावून करायचा, मी अंगणात असलो तरी.

आता बंदूक कशासाठी, तर मातीच्या तबकड्या फोडायला. एक यंत्र भगव्या रंगाची बशीएवढी तबकडी हवेत फेकतं आणि ती खाली पडायच्या आत छऱ्यानं फोडायची. एवढंच. शिकार नाही, काही नाही. बायको होती तेव्हा दोघं दर रविवारी डोंगरातल्या मैदानावर जायचे. तो उडवायचा, ती कागदावर लिहायची. पंचवीस काडतुसांची एक पेटी, अशा चार पेट्या एका रविवारी संपवायचा. मग काडतुसं महाग होत गेली. पेन्शन तेवढीच राहिली. चाराच्या दोन झाल्या, दोनाची एक, आणि दर रविवारचा महिन्यातून एक रविवार झाला. उरलेल्या रविवारी बंदुकीच्या जवळ बसायला काहीतरी निमित्त हवं, म्हणून दस्ता सोडवून तेल लावायला शिकला. पुस्तकातून. म्हणून तसं लावत होता.

"काडतूस आता परवडत नाही, परंतु हात विनामूल्य आहेत," बाई म्हणाली. मी हसलो. मी हसलो म्हणून तो हसला. त्याचं हसणं बिनआवाजाचं, फक्त खांदे हलायचे.

त्याचा प्रामाणिकपणा कसा होता त्याची एक गोष्ट सांगतो. प्रत्येक काडतूस वहीत लिहावं लागतं, किती घेतली, किती उडवली, किती उरली. एका दुपारी तो आमच्या दारात आला, चेहरा पांढरा. एक काडतूस कमी भरत होतं. एकच. आम्ही दोघांनी त्याचं अंगण पालथं घातलं, गटाराच्या जाळ्या उचलून पाहिल्या, गाडीच्या सीटा काढल्या. समोर राहणाऱ्या हामादा-सान म्हणून बाई आहेत, सत्तरीच्या, त्याही झाडू घेऊन आल्या आणि काय हरवलंय ते न विचारता शोधू लागल्या. दोन तासांनी ते त्याच्या नेमबाजीच्या जाकिटात सापडलं, खिशाच्या फाटक्या अस्तरात. तो पायरीवर बसला आणि त्याचे खांदे हलले. मग उठला, टाय लावला.

मी विचारलं, "कुठे?"

"पोलिसांकडे."

"अरे पण सापडलं ना. आता कशाला सांगायचं?"

फोनमधल्या बाईनं त्याचं उत्तर सांगितलं. "दोन तास ते हरवलेले होते."

आणि गेला. तिथे त्यांनी त्याला दुसरं जाकीट घ्यायला सांगितलं आणि परत पाठवलं. मी त्या दिवशी दीपालीला म्हटलं, हा माणूस वेडा आहे. मनात मात्र म्हटलं, असा मी कधी नव्हतो. पुढे तेच खरं ठरायचं होतं.

एकदा मला मैदानावर घेऊन गेला. निघताना बाई म्हणाली, "कृपया शौचालयास जाऊन यावे." मी म्हटलं, मला गरज नाही. ती गरज दीड तासाच्या रस्त्यात लागली आणि हा गाडी थांबवेना. डिकीत बंदूक आहे, गाडी सोडून उतरता येत नाही, आणि मला एकट्याला रस्त्यावर सोडणं बरं दिसत नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, सगळे आम्हाला ओलांडून जातायत. मैदानावर पोचल्यावर मी कसा धावलो ते बघून त्याचे खांदे हलायचे थांबेनात.

मी जाळीच्या मागे बाकावर बसलो. त्यानं मला बाकाच्या एका टोकाला बसवलं. दुसरं टोक रिकामं ठेवायचं, असं हातानं दाखवलं. बाकीचे नेमबाज भराभर उडवत होते. हा प्रत्येक काडतूस घालण्याआधी ते बोटांत फिरवून बघायचा, बाजारात बाई लिंबू बघते तसं. मग "हाय", म्हणजे हो, असं ओरडायचा, तबकडी उडायची, धाड आवाज, आणि आकाशात भगवा धूर. रिकामं टरफल पुन्हा पेटीत, त्याच्याच खोबणीत. पंचविसातल्या एकोणीस फोडल्या. त्याच्या गालाला लागलेला तो दस्ता उन्हात असा दिसत होता, की माझ्या हातून झालेलं ते शेवटचं चांगलं काम असं मी तेव्हाही म्हटलं असतं. बाकावर आला, रिकाम्या टोकाकडे वळून काहीतरी बोलला. हळू, दोन शब्द. आकडा सांगितला असेल.

त्या संध्याकाळी त्यानं मला घरात नेलं. पहिल्यांदाच. त्यांच्याकडे घरातच लाकडी देव्हाऱ्यासारखं कपाट असतं, त्यात गेलेल्या माणसाचा फोटो. त्यापुढे त्यानं भाताची वाटी ठेवली, घंटी वाजवली आणि बोलू लागला. दिवसभराचं सगळं, मी कसा धावलो तेही सांगितलं असावं, कारण मध्ये हसला. आणि मग रडला. लपवून नाही, तोंड झाकून नाही. गळ्यातल्या पंच्यानं पुसत होता आणि बोलत होता. मला फोन दिला. बाई म्हणाली, "मी तिला आता फार काळ वाट पाहावयास लावणार नाही."

मी म्हटलं, "मीही रोज शकूला हेच सांगतो."

बाईनं ते त्याला सांगितलं. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. इथे कोणी कोणाला असा हात लावत नाही. शकू गेल्यावर मला खरोखर समजून घेणारा असा तो पहिलाच माणूस. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे, पण त्यांना वाटतं की मी आता सावरलो पाहिजे. ओकुमुरा-सानला तसं वाटत नव्हतं.

इथपर्यंत लिहिलं ते त्याच्याबद्दल. पुढचं माझ्याबद्दल आहे. ते लिहायचं नव्हतं, पण त्याच्याशिवाय हे सगळं लिहिणं म्हणजे चोरी.

बंदुकीचा परवाना दर तीन वर्षांनी नवा करावा लागतो. त्याच्या वयाला जास्तच तपासण्या. स्मरणशक्तीची परीक्षा असते, चित्रं दाखवून नंतर विचारतात. महिनाभर तो आमच्या नातीच्या जुन्या चित्रांच्या पत्त्यांवर अभ्यास करत होता, आणि पास झाला. डॉक्टरचा कागदही मिळाला. मग राहिली शेजाऱ्यांची चौकशी. पोलीस आजूबाजूच्या घरी येऊन विचारतात की माणूस कसा आहे, पितो का, भांडतो का, अलीकडे काही वेगळं दिसलं का. त्यानं मला आधीच सांगून ठेवलं होतं की कदाचित तुमच्याकडेही येतील. हा परवाना गेला तर पुन्हा या वयात मिळणार नाही, हेही सांगितलं. म्हणजे मला सगळं माहीत होतं.

ते अकरा वाजता आले. एक तरुण, एक वयस्क, हातात वही. दीपाली दाराशी गेली. तिनं त्यांच्या भाषेत नीट सांगितलं की फार चांगले गृहस्थ आहेत, पीत नाहीत, भांडत नाहीत. वयस्क पोलिसानं लिहून घेतलं, वही मिटली. झालं होतं. ते वळलेही होते.

मी आतून आलो. "काय म्हणतायत?"

"ओकुमुरा-सानबद्दल विचारत होते आप्पा. सांगितलं मी."

"तू काय सांगणार? तुला काय माहीत आहे? थांबव त्यांना."

आपल्याकडे चौकशीला कोणी आलं की काय सांगतात? माणूस किती मायाळू आहे ते सांगतात. पोरीचं स्थळ असो, पासपोर्ट असो, बायकोवर जीव टाकणारा माणूस म्हटलं की त्याच्यावर आणखी काही बोलायची गरज पडत नाही. मला वाटलं, पितो, पीत नाही, एवढ्यावर याची ओळख काय होणार. मी सांगतो. मला सांगायचं होतं. या गल्लीत त्याला मी सगळ्यात जास्त ओळखतो, त्याच्या देव्हाऱ्यापुढे मी बसलोय, हे मला त्या पोलिसांपुढे मिरवायचं होतं. दीड वर्षात इथे मला पहिल्यांदा कोणी काहीतरी विचारायला आलं होतं. खरं कारण हे आहे. बाकीचं मी नंतर रचलं.

मी म्हटलं, "सांग त्यांना, बायकोसाठी रोज रडतो. रोज तिच्याशी तासभर बोलतो, तिला जेवायला वाढतो. आणि म्हणतो, आता तुला फार वाट बघायला लावत नाही, लवकरच येतो. इतका जीव आहे त्याचा."

दीपाली म्हणाली, "आप्पा, हे नको."

"का नको? चांगलंच सांगतोय ना?"

"इथे चांगलं नाही ते. तुम्ही आत जा ना, प्लीज."

मी चिडलो. सासऱ्याला आत जा म्हणते. मग मीच सांगितलं. माझ्याकडे दहा-वीस शब्द होते. ओकुसान म्हणजे बायको, माइनिची म्हणजे रोज. तेवढं बोललो आणि बाकीचं हातांनी. गालांवरून बोटं ओघळवली. वर आकाशाकडे बोट दाखवलं. मग छातीवर हात ठेवून मान हलवली, की हा माणूस, असा हा माणूस. नाटकात करतात तसं केलं.

वयस्क पोलिसानं वही पुन्हा उघडली.

त्यानं दीपालीला काहीतरी विचारलं. तिनं उत्तर दिलं, हात हलवून, घाईघाईनं, नाही नाही म्हणत. तिचा चेहरा मी विसरणार नाही. ते गेल्यावर ती म्हणाली, "आप्पा, ज्याच्याकडे बंदूक आहे त्याच्याबद्दल तुम्ही पोलिसांना सांगितलंत की त्याला मरायचंय." आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

त्यानंतरही मी तासभर मानलं नाही. इतकी साधी गोष्ट कोणाला कळणार नाही का, असं म्हणत बसलो.

त्यांनी बंदूक काढून घेतली नाही. त्यांनी त्याला द्यायला लावली. आधी मनाच्या डॉक्टरकडून वेगळा कागद आणायला सांगितलं. मग त्याच्या मुलीला फोन केला. ती सेंदाईला असते, शाळेत शिकवते. ती घाबरून त्याच रात्री निघून आली. तीन दिवस राहिली. बापाशी काय बोलली मला माहीत नाही, पण चौथ्या दिवशी त्यानं बंदूक डब्यात घातली आणि दोघं पोलीस ठाण्यात गेले. दस्ता तरी ठेवून घे, असं मी आदल्या दिवशी खुणेनं म्हटलं होतं. तेलाचे तीसेक हात दिले होते त्याला. एक थेंब, शंभर घासण्या, दोन दिवस, पुन्हा एक थेंब. त्यानं मान हलवली. "ते बंदुकीचे आहे," बाई म्हणाली. तिथे बंदुका कापून टाकतात म्हणे, लाकडासकट.

काडतुसांची वही त्यानं त्या दिवशी बंद केली. उरलेली सगळी काडतुसं दिली, मोजून, दोनदा.

मी गेलो नाही त्याच्याकडे. आठवडाभर. मग तोच भिंतीपाशी आला. लाकूड म्हणाला नाही. फोन पुढे केला. "कोणत्यातरी शेजाऱ्याने सांगितले," बाई म्हणाली. मग तो थांबला, समोरच्या घराकडे बघितलं. हामादा-सान कचऱ्याच्या पिशव्या तपासतात. कोणी बाटलीचं झाकण चुकीच्या दिवशी टाकलं तर पिशवीवर चिठ्ठी लावून परत दारात ठेवतात. आमच्या दारात तर किती वेळा. त्याच्याही दारात एकदा ठेवली होती. फोनमधली बाई म्हणाली, "समोरच्या गृहिणी सर्व काही पाहत असतात. त्यांनीच सांगितले असावे. आपणास काय वाटते?"

मी मान हलवली. हो म्हणून.

पोलिसांपुढे बोललो ती माझी अक्कल कमी पडली असं एक वेळ म्हणता येईल. या हो म्हणण्यात अक्कल कमी नव्हती. मला नीट कळत होतं मी काय करतोय. पंचवीस वर्षं त्याच्या शेजारी राहिलेल्या बाईवर मी एका मानेच्या हलण्यात सगळा आळ टाकला, कारण तो माझ्याकडे यायचा बंद होईल याची भीती वाटली.

त्यानंतर ओकुमुरा-सान हामादा-सानना बघून तोंड फिरवायला लागला. या गल्लीत सकाळी एकमेकांना बघून न वाकणं म्हणजे काय, हे इथे राहिल्याशिवाय कळत नाही. पर्सिमन म्हणून एक केशरी फळ येतं, टोमॅटोसारखं, हामादा-सानच्या झाडाला लागतं. दर वर्षी त्या सगळ्यांना वाटतात. त्यांनी त्याच्या दारात टोपली ठेवली. त्यानं ती तशीच त्यांच्या फाटकापाशी परत ठेवली. मी खिडकीतून पाहिलं. टोपलीतलं एकही फळ काढलं नव्हतं. त्यांनी ती उचलली आणि बराच वेळ हातात धरून उभ्या राहिल्या. त्यांना काही कळत नव्हतं.

त्या दिवशी रात्रीचं जेवण मला गेलं नाही. शकूला सांगायला गेलो, तर तिलाही सांगता येईना. आतापर्यंत तिच्यापासून काही लपवलं नव्हतं.

महिन्याभरानं कळलं की मुलगी त्याला सेंदाईला घेऊन जातेय, कायमचं. मी दीपालीला म्हटलं, मला दोन वाक्यं शिकव. तिनं विचारलं कोणती. सांगितल्यावर ती म्हणाली, "आप्पा, आता सांगून काय होणार? जातायत ते. त्यांच्या मनात तुम्ही चांगले आहात. राहू द्या ना."

"मी चांगला आहे म्हणूनच ती समोरची बाई वाईट आहे," मी म्हटलं.

तिनं शिकवलं. तीन दिवस पाठ केलं.

सकाळी नऊला सामानाचा छोटा ट्रक आला आणि गेला. मुलीची गाडी राहिली. आम्ही सगळे खाली उतरलो. सचिननंही ऑफिसला उशिरा जायचं ठरवलं होतं. समोर हामादा-सान त्यांच्या फाटकाच्या आत उभ्या होत्या, हातात एक पिशवी, निरोपासाठी काहीतरी असेल. बाहेर यायची त्यांची हिंमत होत नव्हती. ओकुमुरा-साननं त्यांच्याकडे पाठ केली आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हातात एक बॅग होती. तो वाकणार एवढ्यात मी बोललो.

पोलिसांना मी सांगितलं. हामादा-सान नाही.

त्याच्या भाषेत सांगितलं, दीपालीनं शिकवलं तसं. त्याला पहिल्यांदा वाटलं मी निरोपाचं काहीतरी म्हणतोय. तो हसायच्या बेतात होता. मी पुन्हा म्हटलं, सावकाश, एकेक शब्द.

त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. काहीच आलं नाही. त्यानं हातातली बॅग खाली ठेवली, माझ्या पायापाशी. वळला, रस्ता ओलांडला आणि हामादा-सानच्या फाटकासमोर उभा राहून कमरेत वाकला. इतका की पाठ सपाट झाली. आणि तसाच राहिला. त्या गोंधळल्या, त्याही वाकल्या. तो उठेना, म्हणून त्या पुन्हा वाकल्या. तो काही बोलला असेल तर माझ्यापर्यंत आलं नाही. मी मोजत नव्हतो, पण खूप वेळ होता. गाडीतून मुलीनं दोनदा हाक मारली.

तो त्या बाजूनंच गाडीत बसला. बॅग माझ्यापाशीच राहिली होती. ती उचलून मी डिकीत ठेवली. मुलगी उतरली, माझ्यासमोर आली आणि वाकून वाकून आभार मानू लागली. दीपालीनं हळू आवाजात सांगितलं, "म्हणतायत, तुम्ही होतात म्हणून बाबांचं हे दीड वर्ष गेलं."

मीही वाकलो. दुसरं काय करणार. वाकल्यावर माणसाला स्वतःच्या चपला दिसतात, बाकी काही नाही. मान वर केली तेव्हा गाडी कोपऱ्यावर वळत होती. मागच्या काचेतून त्याचं पांढरं डोकं दिसलं, सरळ, समोर बघणारं.